न चुकणाऱ्या हातांची गाडी

वजनकाट्यावरचा आकडा स्थिरावला. एक हजार चाळीस किलो. कालच्यापेक्षा तीन किलो कमी, आणि दरम्यान गाडीचा एक स्क्रूही कोणी काढला नव्हता.

उस्मान मुल्लाणी मिस्त्रींनी चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचला. कोल्हापूरबाहेरच्या रेसिंग ट्रॅकला लागूनच त्यांचं गॅरेज होतं. शोरूममधली स्पोर्ट्स कार शर्यतीसाठी तयार करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. मागची सीट, गालिचे, एसी काढायचे, जाड पत्रा कापून पातळ बसवायचा, आतून नळ्यांचा पिंजरा वेल्ड करायचा. दोन-तीन महिन्यांचं काम. शोरूममधूनच आलेली ‘चपला’ ही गाडी मात्र सीटा उतरवल्यानंतरचं सगळं काम स्वतःच करत होती.

चपलाचा सांगाडा अस्थिधातूचा होता. हाडासारखा वागणारा धातू, म्हणून हे नाव. हाडावर जिथे भार पडतो तिथे शरीर ते मजबूत करतं. भार नसेल तिथे हाड विरळ होत जातं. अस्थिधातूचे सूक्ष्म कणही असेच, ताण येईल त्या भागाकडे सरकत. जे कुठेच लागत नसत ते भुकटी होऊन गाडीखालच्या पेटीत पडत. पेटी रोज रिकामी करायची, एवढंच माणसाचं काम. साध्या रस्त्यावर या बदलाला पाच-सहा वर्षं लागत. ट्रॅकच्या वळणांवर ताण इतका प्रचंड की तो महिन्याभरात होई.

आणि गाडी चालवत होती यशोधरा खानविलकर. अकरा वर्षं शर्यतीत असून तिची गाडी कधी कठड्याला घासली नव्हती. तिच्या चाळीस फेऱ्यांच्या टायरखुणा एकाच रेघेत पडत.

“कुणी कापलं न्हाई, घासलं न्हाई, आणि सफाई बघा,” उस्मानचाचा म्हणाले. “माझ्या हातानं हे झालं नसतं, मॅडम.”

हा धातू बनवणारी डॉ. रेवती शिंत्रे नुसती हसली. चाचांनी सवयीनं डाव्या दाराखालच्या पट्टीवर पाना वाजवला. मग जरा पुढे वाजवला. मग खाली बसून कान लावला.

“मॅडम, हे तेलाच्या डब्यावानी वाजतंय.”

रेवतीनं जाडी मोजली. चार मिलिमीटरची पट्टी अर्धा मिलिमीटर उरली होती. उजवीकडेही तेच, दारांच्या आतल्या आडव्या दांड्यांचंही तेच.

“असं कसं झालं?” यशोधरानं विचारलं. हेल्मेट अजून तिच्या हातात होतं.

“हा भाग बाजूनं धडक बसली तर तुला वाचवण्यासाठी आहे,” रेवती हळूहळू म्हणाली. “तू कधी धडकलीच नाहीस. हा भाग बिनकामाचा आहे, असंच धातू शिकला.”

“चाचण्यांत दिसलं न्हाई हे?” चाचांनी विचारलं.

“चाचण्यांत पन्नास चालक होते, चाचा. कोणी ना कोणी कुठेतरी ठोकतच होतं. इतकं नीट चालवणारं माणूस आम्ही धरलंच नव्हतं.”

शर्यत नऊ दिवसांवर होती. चाचांनी पिंजरा वेल्ड करायची तयारी दाखवली. रेवतीनं नकारार्थी मान हलवली. मोडलेल्या हाडाला पोलादी पट्टी बसवली की भार पट्टीच पेलते आणि तिच्याखालचं हाड विरळ होतं. पिंजरा बसवला तर उरलेला सांगाडाही विरघळू लागेल.

“मग शिकवायचा कसा त्याला?”

“मार खाऊन. आधी हलका, मग जोराचा. पेटीतून काढलेली भुकटी सांगाड्यात परत भरायची आणि रोज दोन्ही बाजूंनी धडकवायचं.”

यशोधरा लगेच गाडीत बसली. ट्रॅकच्या कडेला टायर रचून केलेल्या भिंतीकडे तिनं गाडी आडवी सोडली, पण शेवटच्या क्षणी तिच्या हातांनी स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी हातभर अंतरावरून निघून गेली. सात वेळा हेच झालं. आठव्यांदा ती उतरून बाजूला उभी राहिली.

“माझे हात ऐकत नाहीत, चाचा.”

“उतरलीस ते बरं केलंस,” चौसष्ट वर्षांचे उस्मानचाचा हेल्मेटचा पट्टा आवळत म्हणाले. “माझे हात लई चुकतात. घरात इचार कुणालाबी.”

सहा दिवस त्यांनी गाडी ठोकली. रोज अंग दुखेपर्यंत, रोज थोडी जोरात, आणि प्रत्येक धडकेनंतर उतरून पट्टी वाजवत. यशोधरा रोज कठड्यापाशी उभी राहून बघत असे. आपल्याला न येणारी गोष्ट हा माणूस किती धीरानं करतोय, याचं तिला राहून राहून नवल वाटे. सहाव्या दिवशी पट्टीचा आवाज घट्ट आला. गाडी साठ किलोंनी जड झाली होती.

शर्यतीच्या अकराव्या फेरीत मागच्या गाडीचा ब्रेक निकामी झाला आणि ती चपलाच्या डाव्या दारात घुसली. दार वीतभर आत आलं आणि थांबलं. यशोधरा स्वतःच्या पायांनी बाहेर आली. चाचांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

पाणी पिऊन झाल्यावर तिनं रेवतीला विचारलं, “रस्त्यावर अशा किती चपला आहेत?”

“आठ हजार. सर्वांत जुन्या सहा वर्षांच्या.”

“आणि त्या नीट चालवणारे किती?”

दुसऱ्याच दिवशी रेवतीनं कंपनीकडून मालकांची यादी मागवली. ज्यांची गाडी कधीही दुरुस्तीला आली नव्हती, ती नावं सर्वांत वर घेतली. पहिलं नाव मिरजेच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांचं होतं, गजानन वेल्हाणकर.

फोनवर त्यांचा आवाज प्रसन्न होता. “सहा वर्षं झाली, मॅडम. एक ओरखडा दाखवा. आता नातीला शाळेतून आणायलाच निघालोय.”

“सर,” रेवती म्हणाली, “आज गाडी बाहेर काढू नका. रिक्षानं जा. गाडी न्यायला आमची माणसं येतील.”

त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, “का हो? माझ्याकडून काही चुकलं का?”