छावणीतलं आयर्लंड

"ओ दूधवाले, ते रडगाणं बंद करा आधी! आमची गाय पान्हा चोरायलीय."

शिवकन्या कमरेवर हात ठेवून उभी होती. दुष्काळाला कंटाळून तिच्या घरच्यांनी शिरूर कासारबाहेरच्या चारा छावणीत कालच जनावरं आणून बांधली होती. दूध संस्थेच्या टेबलामागच्या पोरानं घाबरून स्पीकर बंद केला. झालं! तिकडं गायीनं लाथ झाडली आणि धार काढायला बसलेल्या सारजाबाईंची, म्हणजे तिच्या आईची, बादली आडवी झाली.

शिवकन्या ओठ चावत परत आली.

"लावा... परत."

"रडगाणं?"

"हसू नका. लावा म्हणते ना!"

पोराचं नाव शहादेव. शांत संगीतानं जनावरं निवांत होतात, असं तो कुठल्याशा प्रशिक्षणात ऐकून आला होता. पाटोद्याच्या मोबाइलवाल्यानं त्याला कार्डात भरून दिलं ते थेट आयर्लंडचं वाजवणं निघालं. व्हायोलिन आपलं निवांत सूर लांबवत राहायचं आणि मागून गिटार हळूहळू पाठ थोपटायची. गायी रवंथ करायच्या. शिवकन्याला मात्र ते ऐकताना छातीत कसंतरीच व्हायचं. चांगलं वाटायचं, म्हणूनच भीती वाटायची.

मग दूध घालून झालं तरी तिचा पाय निघेना. शहादेवनं एके दिवशी इअरफोनचं एक टोक तिच्यापुढं केलं, दुसरं स्वतःच्या कानात ठेवलं. वायर ती केवढीशी! दोघंही मान अवघडून बसली, पण तक्रार कुणीच केली नाही.

"कुठला मुलूख म्हणायचा ह्यो?"

"आयर्लंड. तिथं रोज पाऊस असतोय म्हणं."

"रोज? मंग लोकं कामाला कवा जातेत?"

"बसतेत घरात. हे फिडल वाजवितेत."

"फिडल?"

"व्हायोलिनच. तिकडं लाडानं तसं म्हणतेत."

"लई लाड हायेत तिकडं," ती म्हणाली आणि त्याच्याकडं न बघता हसली.

हसली खरी, पण रस्त्यावर ऊसतोडीच्या मुकादमाची जीप थांबली की तिचं हसू मावळायचं. या भागात ऊसतोडीला जाणाऱ्या नवराबायकोला मिळून एक कोयता म्हणतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. दसऱ्यानंतर गाड्या निघतात, आणि त्याआधी अर्ध्या कोयत्यांची लग्नं घाईनं उरकली जातात. तिच्या थोरल्या बहिणीचं, जानकीचं, असंच झालं. सासरी तिच्या कामाचं कौतुक फार. पोरगी सुखी आहे का, हे मात्र कुणी विचारलं नाही. आपलंही तसंच होणार, या धास्तीनं शिवकन्याला घास गोड लागत नव्हता.

आणि एका दुपारी शहादेवची आत्या, केशरबाई, छावणीत आली. सारजाबाईंशी इकडचं तिकडचं बोलली. मग शिवकन्याचे दोन्ही तळवे उलटेपालटे करून बघितले.

"हात चांगला हाय पोरीचा," ती म्हणाली. "आमच्या शहादेवचा अर्धा कोयता हाय. पुरा करून टाका."

सारजाबाईंचा चेहरा फुलला. शहादेवचं नाव ऐकून शिवकन्याचं काळीजही क्षणभर उडालं... आणि लगेच धपकन खाली आलं. म्हणजे त्यालाही हातच हवे होते? छावणीभर दूध आटत चाललं होतं, संस्था कधीही बंद पडली असती. मग त्यालाही ऊसतोडीला जावं लागणारच होतं की! तेवढ्यासाठी गोड बोलत होता?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं इअरफोन पुढं केला. तिनं हात मागं घेतला.

"कावून? काय झालं?"

"खरं सांगा. तुमाला मी पायजे का कोयता?"

शहादेवच्या हातातलं माप टेबलावर आपटलं. दूध सांडलं, पण त्याचं लक्ष नव्हतं.

"आत्याला मीच धाडलतं," तो कसाबसा म्हणाला. "पण सांगितलं दुसरंच होतं."

"काय?"

"ते मला बोलाया जमलं असतं, तर आत्याला कशाला धाडलं असतं?"

"आता बोला."

त्यानं सांडलेलं दूध फडक्यानं पुसून घेतलं. तिचे डोळे भरून आले.

"संस्था बंद पडली तर मला उसाला जावं लागंल," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू? पण मी अर्धाच कोयता म्हणून जाईन. तुज्या हातासाठी मागणी न्हाई घातली मी."

'तुमी' म्हणता म्हणता तो 'तुज्या'वर आला होता. दोघांच्याही ते ध्यानात आलं.

"मंग कशासाठी?"

"हे वाजवणं आधी मला एकट्याला पुरायचं... आता तू उठून गेलीस की कायबी ऐकू वाटंना. उद्या येतीस का न्हाई, ह्याचंच भ्या वाटतंय."

इतके दिवस आपण एकटीच भितो, असं तिला वाटत होतं.

"उसाला यायचं का न्हाई, ते माजं मी ठरवीन," ती म्हणाली.

"ठरव की."

"अन् आत्याबाईंना म्हणावं, परत या. पण ह्या खेपेला माजे हात बघू नका. आधी नाव विचारा."

"नाव मला म्हाईत हाय."

"मंग घ्या की! आजवर हरिबाची पोरगी म्हणूनच हाक मारलीय तुमी."

त्याचे कान लाल झाले. त्यानं आजूबाजूला बघितलं. गायींखेरीज ऐकायला कुणी नव्हतं.

"शिवकन्या," तो म्हणाला.

"परत," ती म्हणाली.