दोन बुचं

हातात पाना घेतलेला एक माणूस पुलाखाली धावत येताना दिसला, तेव्हा तिचा सूर... सूर कसला, किंकाळीच ती... अर्ध्यातच तुटली.

“कुठंय?” त्याने धापा टाकत विचारलं.

“काय?”

“अडकलेलं वासरू.”

तिने काखेतली बॅगपाइपची पिशवी सावरली. गाल लाल झाले होते, फुंकून फुंकून आणि आता रागानेही. “वासरू मीच,” ती म्हणाली. “हसून घ्या. मग सांगा, चुकतंय कुठे?”

तो हसला नाही. निदान ओठांनी तरी नाही. पेशाने तो प्लंबर, आणि सुट्टीच्या दिवशी बँडमध्ये बॅगपाइप वाजवायचा. जन्मभर पाइपांशीच गाठ, असं स्वतःच म्हणायचा. ती चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची, म्हणून सगळे तिला चष्मेवाली म्हणत. घरी का वाजवत नाही, असं त्याने विचारलं, तेव्हा तिने सगळंच सांगून टाकलं. हे भोकाड उंबऱ्याच्या आत चालणार नाही, असं दादाने बजावलं होतं. बँडच्या मास्तरांनी पिशवी उसनी दिली, तीही हसत. महिनाअखेरीस सगळ्यांसमोर एक चाल शेवटपर्यंत वाजव, नाहीतर पिशवी परत कर. बाईच्या छातीत एवढा दम नसतो, म्हणाले. दादाने ती अट लगेच उचलून धरली. हरली तर पुन्हा नाव काढायचं नाही.

“मग हरू नका,” प्लंबर म्हणाला. जसं काही नळच दुरुस्त करायचा होता.

दुसऱ्या दिवसापासून तो कामावरून परस्पर पुलाखाली येऊ लागला. आधी बोटं सरावाच्या बारीक पिपाणीवर बसवा, पिशवी मागाहून. रोज थोडं, पण रोज. घाई केलीत की चुकाच पाठ होतात. गाल फुगवू नका... “आणि श्वास घेताना कोपराने पिशवी दाबा. तुम्ही श्वास कधी घेतलात, ते सुराला कळता कामा नये.”

“हात लावून दाखवू?” त्याने विचारलं, आणि कान लाल झाले त्याचेच. तिने कोपर पुढे केलं. त्या संध्याकाळी सुराला काही कळलं नसेल, पण तिचा श्वास कितीदा चुकला ते तिला पक्कं कळलं.

खांद्यावरच्या तीन नळ्या सतत एकच सूर धरून ठेवतात आणि नवख्याचा सगळा दम तिथेच जातो. म्हणून त्याने त्यातल्या दोन नळ्यांना बुचं लावून दिली. वाजवणं निम्म्याने सोपं झालं.

परीक्षेच्या दिवशी ती बुचं काढायला लागली, तर तो हळूच म्हणाला, “राहू द्या. मास्तरांशी बोललोय मी. बाई आहे म्हणून... चालेल म्हणाले.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. महिनाभर घसा कोरडा केला तो या सवलतीसाठी? तिने दोन्ही बुचं उपटली, त्याच्या हातावर ठेवली आणि सरळ बँडच्या दालनाच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

निम्म्या चालीपर्यंत सूर ताठ उभा होता. मग कोपर सुटलं, पिशवी भेसूर रडली आणि मागच्या बाकांवर खसखस पिकली. दादा उठून म्हणाला, “झालं ना? चल घरी.”

“बस दादा,” ती म्हणाली, “अजून संपलं नाही.” आणि जिथे तुटलं होतं तिथूनच धरून तिने चाल शेवटाला नेली.

मास्तर म्हणाले, मध्ये तुटलं. ती म्हणाली, तुटलं, पण अट शेवटपर्यंत वाजवायची होती. मास्तरांनी मिशीवरून हात फिरवला आणि रविवारी बँडच्या मागच्या रांगेत उभी राहा म्हणाले.

प्लंबर दारात खाली मान घालून उभा होता. “तुम्ही हरलात तर पुन्हा पुलाखाली येणार नाही, अशी भीती वाटली... मला राहवत नाही तुमच्याशिवाय. चुकलो.”

“चुकलासच,” ती म्हणाली. एवढ्या दिवसांचं ‘तुम्ही’ कुठे गेलं, तिलाही कळलं नाही. “माझ्यासाठी परस्पर कुणाकडे काही मागायचं नाही.”

“मग उद्या दादाकडे मागणी घालायला...”

“दादाकडे कशाला? काय मागायचं ते माझ्याकडे माग.”

त्याने मागितलं, तिथेच, दारात. दादा पाठीमागे चपला शोधत होता. तिने छाती भरून श्वास घेतला, आणि दादालाच काय, मागच्या बाकांनाही ऐकू जाईल इतक्या खणखणीत आवाजात ‘हो’ म्हणाली.