कॅमेऱ्याच्या या बाजूला

दुपारची भांडी विसळून झाली, ओटा पुसून झाला. मग सूनबाईने कापडी पिशवीत कॅमेरा घातला, त्यावर रुमालाची घडी टाकली आणि सासूबाईंना म्हणाली, "आई, कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन येते. दार ओढून घेते. तुम्ही उठू नका."

"कुणासाठी चाललीस?"

"अण्णांसाठी."

"बरं. त्यांना म्हणावं, लवकर या. आणि केस विंचरून जा गं. काळेभोर केस आहेत अजून, पण अवतार बघ."

अण्णा, म्हणजे तिचे सासरे, थंडी पडायच्या आधीच गेले होते. रोज नव्याने सांगायचं आणि रोज नव्याने त्यांना रडताना बघायचं, हे सूनबाईच्या जिवावर यायचं. तिने केसांवरून कंगवा फिरवला आणि ती निघाली.

अण्णांना फोटोचं वेड होतं. घरात अल्बमांची चळत होती, पण एकाही पानावर अण्णा नाहीत. ते सदा कॅमेऱ्यामागे. फार तर गवतावर पडलेली लांबलचक सावली, नाहीतर भिंगाच्या कडेला आलेला अंगठा. कुणी "अण्णा, आता तुमचा" म्हटलं की हात हलवायचे, "माझं काय बघायचंय? तुम्ही बघा इकडे." लग्नाच्या फोटोत होते, पण तो कुणी भलताच कोवळा पोरगा. ओळखपत्रावरचा फोटो तर काळवंडून गेलेला. तो दाखवला तर आई म्हणाल्या, "हा कोण? चोर की पोलीस?"

आधी हसू आलं. मग एका संध्याकाळी आईंनी भीत भीत विचारलं, "अगं, नाक कसं होतं गं त्यांचं? मला आठवेना झालंय."

एवढा संसार केला, आणि आता चेहराच हातातून निसटत चाललेला. एक फोटो मात्र होता. आजारपणात, खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेल्या अण्णांच्या हातून कॅमेरा घेऊन तिने हट्टाने काढलेला. "बरं, एकच हं," म्हणाले होते. तोच आईंना दाखवावा म्हणून तिने कॅमेरा सुरू केला, तर पडद्यावर अक्षरं आली: एकही फोटो नाही.

त्याच दिवशी तिने देवापुढे हात जोडून सांगितलं, आईंच्या हातात अण्णांचा चेहरा पडेपर्यंत चहात साखर घालणार नाही. नवरा परगावी नोकरीला. तो फोनवर हसला, "देवाला साखरेचं काय करायचंय?" ती म्हणाली, "देवाला नाही, मला. प्रत्येक घोटाला आठवण राहते."

दुकानदाराला सगळे डॉक्टर म्हणत, कारण तो बिघडलेल्या वस्तूंना पेशंट म्हणायचा.

"बोला ताई, पेशंटला काय होतंय?"

"फोटो काढलेला आहे, पण दिसत नाही."

तिने कॅमेऱ्यातलं कार्ड काढून पुढे केलं तेव्हा तिच्या उजव्या मनगटावरचा इस्त्रीचा जुना चट्टा त्याच्या दिव्याखाली चमकला. डॉक्टरने कार्ड नखावर धरलं. कडेची इवलीशी कळ सरकवून पाहिली. "हे याचं कुलूप. खाली सरकवलं की कार्डावर नवीन काही लिहिता येत नाही, पुसताही येत नाही. उघडंच आहे." मग त्याने पोरांच्या खोडरबराने पितळी पट्ट्या हळूच घासल्या, कार्ड संगणकाला जोडलं. रिकामं. दुसऱ्या खाचेत घातलं. तरी रिकामं.

"गेलं सगळं?" तिने विचारलं.

"थांबा हो. तुमच्या फडताळातल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या पडल्या तर डबे रिकामे होतात का? डाळ आत असतेच, कुठल्या डब्यात ते कळत नाही एवढंच. इथेही तसंच झालंय." त्याने काहीतरी चालवलं. बऱ्याच वेळाने पडद्यावर नखाएवढं चित्र उमटलं. खिडकी, खुर्ची, खुर्चीत राखाडी स्वेटर.

"अण्णा!" ती जवळजवळ ओरडलीच.

"आहेत, आत आहेत. पण मोठा फोटो बाहेर काढायला यंत्राला वेळ लागतो आणि आज विजेचा भरवसा नाही. उद्या या. कार्ड ठेवून जाता?"

"नको. माझ्याजवळच असू दे."

"मग एकच पथ्य. यावर नवीन फोटो काढायचा नाही. एकही नाही. नवा फोटो जुन्याच्या जागेवर जाऊन बसतो. मग मी काय, कुणीच काही करू शकणार नाही."

घरी येऊन तिने बॅटरी काढून स्वतःच्या शिवणाच्या डब्यात टाकली. कॅमेरा कपाटात ठेवला. कार्ड चांदीच्या डबीत घालून देवाजवळ, दिव्याच्या मागे ठेवलं. पथ्य म्हणजे पथ्य.

दिवेलागणीला ती वात वळत होती. बाहेर धुकं उतरलं होतं, रस्त्यावरचे आवाज कापसात गुंडाळल्यासारखे येत होते. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून आईंचा आवाज आला. लाडिक. तक्रारीचा.

"पुरे आता... चष्मा बघा ना माझा, दोरा बांधलाय... असा कसा काढता?"

आणि मग जीभ टाळूला लावून सोडावी तसा बारीक आवाज. टक्.

सूनबाईच्या हातातली वात तशीच राहिली. तिने दारातून डोकावून पाहिलं. आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. केस ओले करून चापूनचोपून बसवलेले. समोरच्या रिकाम्या स्टुलाकडे बघून हसत होत्या. खोलीत कुणी नव्हतं. फक्त एक वास होता, भिंग पुसायच्या स्पिरिटचा. अण्णांच्या बोटांना यायचा, तो.

"आई... कुणाशी बोलता?"

"कुणाशी म्हणजे काय?" आई म्हणाल्या, आणि लाजून पदराशी खेळणाऱ्या पोरीसारख्या शालीच्या टोकाशी खेळत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरने कार्ड लावलं आणि त्याच्या कपाळावर आठी पडली.

"ताई, मी काय सांगितलं होतं? फोटो काढू नका म्हटलं होतं ना?"

"नाही काढला, दादा. देवाशपथ."

त्याने पडदा तिच्याकडे वळवला. आई. खिडकीजवळ, केस चापून बसवलेले. चष्म्याच्या मोडक्या काडीला पांढरा दोरा. तो दोरा तिनेच बांधला होता, अण्णा गेल्यानंतर. एक फोटो, मग दुसरा, मग तिसरा. प्रत्येकात आई थोड्या जास्त हसलेल्या.

"कार्ड देवाजवळ होतं," ती पुटपुटली. "कॅमेरा कपाटात... बॅटरी माझ्या डब्यात..."

डॉक्टरने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याने फोटो मोठा केला. आईंच्या मागे संध्याकाळची खिडकी होती. आतल्या दिव्यामुळे काचेत सगळी खोली उमटलेली: कपाट, दार, स्टूल. फोटो काढणारा जिथे दिसायला हवा, तिथे काही नव्हतं.

"आणि अण्णांचा?"

त्याने तोही उघडला. वरचा भाग राखाडी पट्ट्यांनी खाऊन टाकलेला. कपाळ नाही, डोळे नाहीत, नाक नाही. स्वेटरच्या गुंड्या आणि मांडीवर ठेवलेले हात तेवढे उरलेले.

"नवे फोटो त्यावर जाऊन बसले," डॉक्टर हळू आवाजात म्हणाला. "आता हे गेलं, ताई. जे गेलं ते माझ्याने येणार नाही." त्याने कार्डाच्या कडेची कळ खाली सरकवली. "कुलूप लावलंय. निदान आहेत ते हात राहतील. कार्ड माझ्याकडे ठेवा, ऐका माझं. घरात... काय आहे ते बघा आधी."

तिने मान हलवून कार्ड परत घेतलं. रस्त्याने येताना तिला रडू आलं, आणि रडता रडता थोडं हसूही. तिला घाबरायला हवं होतं. पण काय आहे ते तिला कळलं होतं. आयुष्यभर ज्या माणसाला बायकोचा फोटो काढून समाधान झालं नाही, तो अजून काढतच होता. आणि काढता काढता स्वतःलाच पुसत होता. त्यांना पथ्य कोण सांगणार? डॉक्टर नाही सांगू शकत. ते घरच्या माणसानेच सांगायचं.

घरी आल्यावर तिने कार्ड कॅमेऱ्यात घातलं, बॅटरीशिवाय, आणि कॅमेरा दाराजवळच्या स्टुलावर ठेवला. खिडकीजवळ आईंच्या खुर्चीला लागून दुसरी खुर्ची ओढली. आई आत पडल्या होत्या. खोलीत धुक्याचा ओला प्रकाश होता आणि तो वास, अगदी फिका.

तिने हात जोडले. एवढ्या वर्षांत सासऱ्यांशी ती कधी वर मान करून बोलली नव्हती.

"अण्णा, रागवू नका. तुम्ही फोटो काढता, आईंना बरं वाटतं, मला कळतं. पण त्या तुमचा चेहरा विसरायला लागल्यात हो. त्या दिवशी मला विचारलं, नाक कसं होतं... तुमचा एकच होता, तो तुम्हीच झाकून टाकलात. तुम्हाला कुठे ठाऊक होतं म्हणा." तिने दोन्ही खुर्च्यांकडे पाहिलं. "जन्मभर त्या बाजूला उभे राहिलात. एकदाच या बाजूला या. त्यांच्याशेजारी बसा. एकच हं, अण्णा. मग हवे तेवढे काढा, कोण नको म्हणणार आहे तुम्हाला?"

कार्डाला कुलूप होतं, हे तिला आठवलं. तिने कार्ड बाहेर काढलं आणि नखाने ती इवलीशी कळ वर सरकवली. राहिलेले हातही यात जातील, असं मनात आलं. तरी सरकवली. कार्ड परत आत घातलं.

दिवेलागणीला आई उठून आपल्या खुर्चीत येऊन बसल्या. सूनबाई मुद्दाम स्वयंपाकघरात गेली, पाठ करून देवापुढे उभी राहिली, आणि डोळे मिटले. बाहेर शांत होतं. फार शांत. मग शेजारच्या खुर्चीचा वेत करकरला, कुणीतरी सावकाश टेकल्यासारखं.

"इश्श..." आई म्हणाल्या. "आज इकडे कसे काय?"

तिच्या अंगावर सरसरून काटा आला. पण हात जोडलेलेच राहिले, आणि दिव्याची ज्योत जराही हलली नाही.

टक्.

सकाळी डॉक्टरने काही न विचारता कार्ड घेतलं. पडद्यावर एकच फोटो आला. बाकी सगळं गेलेलं, हातसुद्धा, आईंचे ते तीन हसरे फोटोसुद्धा. हा मात्र स्वच्छ. दोरा बांधलेल्या चष्म्यातल्या आई, आणि त्यांच्या शेजारी, राखाडी स्वेटरात, सरळ भिंगाकडे बघणारे, थोडे अवघडलेले, थोडे हसरे अण्णा. नाक लांब, शेंड्याशी जरा वाकडं.

"छान आलाय," डॉक्टर एवढंच म्हणाला. त्याने तो मोठा छापून दिला आणि पैसे घ्यायला हात पुढे केलाच नाही.

आईंनी फोटो मांडीवर घेतला. कितीतरी वेळ त्या अण्णांच्या नाकावरून बोट फिरवत राहिल्या. "असंच," त्या म्हणाल्या. "असंच वाकडं. लग्नाआधी मैत्रिणी हसायच्या मला." मग त्यांनी मान वर केली, आणि कित्येक दिवसांनी त्यांचे डोळे अगदी स्वच्छ होते. "ते गेले ना गं?"

"हो आई."

"पण फोटोला बसून गेले," आई म्हणाल्या. त्या रडल्या, पण बरं वाटून रडावं तसं.

सूनबाईने दोघींसाठी चहा टाकला आणि आपल्या कपात साखर घातली, जरा हात सैल सोडूनच. पहिला घोट घेऊन ती आईंच्या पायाशी बसली. मग इतका वेळ मनात घोळत असलेला प्रश्न तिने विचारलाच.

"आई, अण्णा तर तुमच्याशेजारी बसले होते. मग बटण कुणी दाबलं?"

"कुणी म्हणजे?" आई हसल्या. "तूच की. दाराशी उभी होतीस."

"मी आत होते, आई. देवापुढे."

"नाही गं. तूच होतीस. किती मायेनं बघत होतीस आमच्याकडे."

सूनबाईने फोटो हातात घेऊन उजेडाकडे धरला. अण्णा आणि आई यांच्यामध्ये संध्याकाळच्या खिडकीची काच होती, आणि काचेत सगळी खोली उमटलेली: कपाट, दार, रिकामं स्टूल. दारात एक बाई उभी होती. कॅमेरा डोळ्याशी लावलेला, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता. कॅमेरा धरलेल्या उजव्या मनगटावर इस्त्रीचा चट्टा होता.

तिने स्वतःचं मनगट पाहिलं. मग हात वर नेऊन केसांवरून फिरवला, काळ्याभोर केसांवरून.

काचेतल्या बाईचे केस पांढरेशुभ्र होते.