वळून बघायचं नाही

चष्म्याच्या काडीतला स्क्रू तांदळाच्या दाण्याएवढाही नसतो, पण तो पडला की चांगला धडधाकट माणूस चष्मा नाकावर धरून दुकानात येतो. तोही तसाच आला. एका हाताने चष्मा धरलेला, आणि दुसऱ्या हाताची बोटं सुया टोचून टोचून पार खरबरीत झालेली. शनिवारची दुपार होती. मालक जेवायला गेले होते, आणि काउंटरमागे ती एकटीच डोळे उघडे ठेवायची खटपट करत बसली होती. पहाटे पाचला उठलेली होती बिचारी.

तिने चष्मा घेतला, बारीक पेचकस काढला आणि स्क्रू बसवायला लागली. त्याचं लक्ष चष्म्याकडे नव्हतंच. तो तिच्या बाहीकडे बघत होता.

“घोडी आहे,” तो म्हणाला. “तांबडी. तीनेक वर्षांची असेल...”

ती दचकली. बाहीवर एक लांब तांबूस केस चिकटला होता. सकाळी घाईघाईत झटकायचा राहिला होता.

“केसावरून वय कळतं?” तिने विचारलं.

“केसावरून रंग कळला. वय तुमच्या तळहातावरून. दोरीचे वळ उठलेत. म्हातारी घोडी इतकी ओढत नाही.”

तिने पटकन हात खाली घेतला, आणि का कोण जाणे, तिला हसू आलं. तो खोगिरं शिवायचा. लांबचं त्याला लख्ख दिसायचं, पण जवळचं धूसर, आणि सुईत दोरा ओवायचा म्हणजे चष्मा हवाच. आलोच आहोत तर डोळेही तपासून घेऊ, असं म्हणून तो खुर्चीत बसला. तिने त्याच्या डोळ्यांपुढे एकेक भिंग लावायला सुरुवात केली. हे बरं दिसतं की हे? हे... की हे? दिवसातून चाळीस वेळा विचारायचा प्रश्न, पण त्या दिवशी तो विचारताना तिचा आवाज जरा घसरला.

“खरं सांगू?” तो म्हणाला. “तुम्ही जरा मागे उभ्या होता ना, तेव्हा सगळ्यात बरं दिसत होतं.”

आता अशा माणसाला एक सणसणीत उत्तर द्यायचं असतं. हिला ते सुचलं संध्याकाळी, घोडीला खरारा करताना. तोवर उशीर झाला होता. आपल्या या नायिकेचं हे असंच. सगळं येतं, पण वेळ टळून गेल्यावर.

घोडी खरं तर तिची नव्हतीच. दादाची होती. दादाने हौसेहौसेने शिंगरू आणलं, लवंगी असं नाव ठेवलं, आणि ती मोठी होऊन नावाला जागायला लागली तेव्हा त्याला परगावी नोकरी लागली. बायकोला घेऊन तो गेला, आणि जाताना सांगून गेला की वर्षभरात ही स्वारीला तयार झाली तर ठेव, नाहीतर विकून टाकू. मागे राहिली ती, आत्या आणि लवंगी. घराच्या मागे आत्याच्या यजमानांची जुनी लाकडाची वखार होती. तिच्या शेडचा तबेला झाला आणि ओंडके रचायच्या जागेचं मैदान झालं. पहाटे साडेपाच ते आठ घोडी, दहा ते आठ दुकान. कधी भिंगांच्या पेटीत गवताची काडी सापडायची, तर कधी घोडीच्या बादलीत पेचकस. दोन महिने हे चाललं होतं आणि लवंगीने तिला अजून कानाला हात लावू दिला नव्हता.

दुकानातून निघताना तो घोडीच्या खोगिराचं ठरवून पत्ता घेऊन गेला होता, आणि दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी, माप घ्यायला हजर. आत्याने दार उघडलं, त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि आत हाक मारली, “राणीसरकार, तुमच्या घोडीचा शिंपी आलाय.”

त्याने माप घेतलंच नाही. कुंपणाला टेकून तो अर्धा तास नुसता बघत राहिला. ती लवंगीच्या मागे, लवंगी पुढे, मैदानाला बारा चकरा. शेवटी ती घामाघूम होऊन त्याच्यापाशी आली तेव्हा तो म्हणाला की तुम्ही तिच्या मागे लागताय म्हणून ती पळतेय. मागे लागायचं नाही. दोरी ओढली की घोडी जाते, सैल सोडली की येते. पाठ फिरवायची, चार पावलं चालायचं आणि थांबायचं. मनात कितीही आलं तरी वळून बघायचं नाही. तिला यायचं असेल तर तीच येईल, आणि आपणहून आलेली घोडी पुन्हा जात नाही.

“आणि नाहीच आली तर?”

“तर उद्या पुन्हा पाठ फिरवायची.”

मग तो दर रविवारी यायला लागला. एक वाकणारी पट्टी लवंगीच्या पाठीवरून फिरवायचा आणि तिचा बाक खाकी कागदावर उतरवून घ्यायचा. वाढत्या अंगाची घोडी आहे, पाठ भरत चाललीय, दर आठवड्याला बघायला हवं, असं तो गंभीरपणे सांगायचा. तीही गंभीरपणे मान डोलवायची. आत्याला मात्र हसू आवरायचं नाही. माझ्या शिंप्याने उभ्या आयुष्यात दोनदा माप घेतलं, ती म्हणायची, आणि तरी कपडे अंगावर बसतात हो माझे.

पाचव्या रविवारी लवंगी आली. हवेत भुरभुर होती. मैदानाच्या मधोमध ती लवंगीकडे पाठ करून उभी होती, डोळे मिटून. मागे ओल्या मातीत एक टाप वाजली, मग दुसरी, आणि मग तिच्या खांद्यावर एक ओलसर, ऊन ऊन श्वास आला. तिला ओरडावंसं वाटलं, नाचावंसं वाटलं... पण ती हलली नाही. तो हळूच चालत जवळ आला. दोघांनी लवंगीच्या पाठीवर हात ठेवले, तिने या बाजूने, त्याने त्या बाजूने. मध्ये जेमतेम दोन बोटांचं अंतर. तिला त्याच्या हाताची ऊब लागत होती. तो आता हात सरकवेल, असं तिला वाटलं. त्यालाही तसंच वाटत असणार. दोघंही थांबली. अगदी छान, शहाण्यासारखी थांबली. मग लवंगी फुरफुरली आणि दोघांनी हात काढून घेतले.

त्या दिवसापासून तो तिला ‘तू’ म्हणायला लागला. ती ‘तुम्ही’वरच राहिली, पण त्या ‘तुम्ही’त जे होतं ते आत्याला स्वयंपाकघरातूनसुद्धा ऐकू यायचं.

पुढे सगळं एकदमच आलं. मालकांनी गावाच्या दुसऱ्या टोकाला नवं दुकान काढलं आणि तिला ते सांभाळायला सांगितलं. आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पहाटे घोडी, मग आत्याचा व्यायाम, मग अर्ध्या गावाचा रस्ता, मग दुकान. एका आजोबांना अक्षरं वाचायला सांगून ती उभ्या उभ्याच पेंगली, आणि त्या भल्या माणसाने तिला उठवायचं नाही म्हणून सगळा तक्ता तीनदा वाचला. या सगळ्यात रविवार तेवढा तिचा होता. तो यायचा, बादल्या भरायचा, आत्याला हाताला धरून ओट्यापर्यंत चालवायचा, लवंगीला लांब दोरीवर फिरवायचा. याला सांगायला हवं, असं तिला दर रविवारी वाटायचं. मग वाटायचं, कशाला? त्याच्या मनात असेल तर तो बोलेलच. मागे लागून काही मिळत नाही, हे त्यानेच तर शिकवलं होतं.

आणि एका रविवारी पट्टी गुंडाळता गुंडाळता, लवंगीकडे बघत तो म्हणाला, “मला एक काम आलंय. लांब आहे... घोडेस्वारीची मोठी शाळा आहे, साठ घोड्यांची खोगिरं करायची. दोन वर्षं तरी जातील.”

तिने हातातली बादली खाली ठेवली.

“गुरुवारपर्यंत कळवायचंय.” तो थांबला. “तुला काय वाटतं?”

जाऊ नका. दोनच शब्द होते, आणि ते अगदी ओठांवर आले होते. पण तिच्या डोक्यात ते दोरीचं पक्कं बसलं होतं ना. ओढलं की जातो, सैल सोडलं की येतो. तिने दोरी सैल सोडली.

“चांगलं काम आहे की,” ती म्हणाली. “सोडू नका.”

“एवढंच?”

“यात मी आणखी काय सांगणार? काम तुमचं आहे.”

आणि बादली उचलून तिने पाठ फिरवली. चार पावलं चालली आणि थांबली. वळून बघायचं नाही, ती स्वतःला बजावत होती, वळलीस की संपलं. मागे मातीत पावलं वाजली. हळू, जरा अडखळत, मग जवळ... अगदी जवळ. तिने डोळे मिटले. मला माहीत होतं, ती पुटपुटली, आणि खांद्यावर ओळखीचा ओलसर श्वास आला. लवंगी होती. जरा वेळाने फाटकाची कडी वाजली, तेव्हा ती घोडीच्या मानेत तोंड खुपसून उभी होती. तेव्हासुद्धा ती वळली नाही. आता याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा.

आत्याला तिने सगळं सांगितलं तेव्हा आत्याने कपाळावर हात मारून घेतला. “अगं, ती मुकी आहे म्हणून तिची वाट बघायची. तुम्हा दोघांना तोंडं आहेत ना? जा, आत्ताच्या आत्ता जा आणि सांग त्याला.”

“येतील ते रविवारी,” ती म्हणाली. “माप राहिलंय.”

रविवारी तो आला नाही. सोमवारी तिने अर्धी रजा टाकली आणि त्याच्या कारखान्यावर गेली. कुलूप. शेजारच्या सायकलवाल्याने सांगितलं की तो शनिवारीच गेला, आणि आतून एक खोगीर आणून तिच्या हातात दिलं. तुम्हीच न्यायला याल म्हणाला होता. तयार होऊन तीन महिने झाले की हो याला, सायकलवाला म्हणाला. मी रोज बघायचो खुंटीवर. तरी दर रविवारी पट्टी घेऊन माप घ्यायला निघायचा, मला तर काही कळायचंच नाही.

तिला कळलं. रस्ताभर ते खोगीर पोटाशी धरून ती चालत आली. संध्याकाळी फोनवर बराच वेळ लिहिलं, पुसलं, लिहिलं, पुसलं, आणि शेवटी पाठवलं : ‘खोगीर मिळालं. छान बसलं. आभारी आहे.’ त्याचं उत्तर आलं : ‘बरं झालं.’ दोन शहाण्या माणसांनी मिळून एवढाच पत्रव्यवहार केला. ती त्याच्या पुढच्या शब्दाची वाट बघत राहिली, तो तिच्या. थांबण्याच्या बाबतीत दोघांचाही हात धरणारं कोणी नव्हतं.

लवंगी स्वारीला तयार झाली. दादाने विकायचा विषय पुन्हा काढला नाही. नवं दुकान चालायला लागलं, आत्या काठी टाकून हिंडायला लागली. सांगून आलेली दोन स्थळं तिने काही कारण नसताना परत पाठवली. अडीच वर्षं गेली.

एका रविवारी सकाळी ती मैदानात लवंगीला दुडक्या चालीवर फिरवत होती, आणि फाटकाशी कोणी उभं असल्याचं तिला दिसलं. तिने लगाम खेचला. तो जरा वाळला होता, उन्हाने रापला होता. ती उतरली आणि लवंगीला घेऊन फाटकाशी आली.

त्याने लवंगीच्या मानेवर थाप मारली, सवयीने खोगिराखाली बोटं घालून बघितली. छान बसतेस आता, तो म्हणाला. मग इकडचं तिकडचं झालं. आत्याचा गुडघा, साठ घोडी, तिकडची थंडी. आणि मग त्याने सांगितलं की लग्न ठरलंय. मुलगी तिथल्याच शाळेत शिकवते. पुढच्या महिन्यात.

“अरे वा,” ती म्हणाली. आवाज तिचा नव्हताच. “तुम्ही विचारलंत?”

“नाही. तिनेच विचारलं. ओळख होऊन महिनासुद्धा झाला नव्हता. सरळ समोर आली आणि म्हणाली, मला तुम्ही आवडता, तुमचं काय?” तो खाली बघत हसला. “मला आयुष्यात कोणी असं विचारलं नव्हतं.”

ती लगामाच्या वादीशी चाळा करत राहिली.

“त्या दिवशी,” तो म्हणाला, “मी या फाटकाशी उभा होतो. कडीला हात लावून. म्हटलं, एकदा वळून बघेल... नुसतं वळली तरी पुरे. बराच वेळ उभा होतो मी.”

“मी तुमची वाट बघत होते,” ती म्हणाली. “पाठ करून. मला वाटलं, तुम्ही याल. मागे पावलं वाजली तेव्हा मला वाटलं, आलात.”

त्याचा चेहरा बघवेना, तरी या खेपेला तिने मान फिरवली नाही.

“मला तुम्ही जायला नको होतात,” ती म्हणाली. “मला तुम्ही फार आवडत होता. अजूनही. आता काही मागायचं म्हणून नाही सांगत... माझं चुकलं, एवढंच सांगतेय.”

“माझंही चुकलं,” तो म्हणाला. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “तुझ्याइतकंच.”

मग तो गेला. तो वळणापलीकडे दिसेनासा होईपर्यंत ती फाटकाशी उभी होती. तिने लवंगीचं खोगीर उतरवलं, अंग पुसलं, पाणी दाखवलं, आणि हात धुऊन स्वयंपाकघरात आली. आत्या चहा गाळत होती.

“तोच होता ना? काय म्हणाला?”

“लग्न करतोय.”

आत्याच्या हातातली गाळणी तशीच राहिली. “आणि तू काय म्हणालीस?”

“सगळं सांगितलं त्यांना. मनात होतं ते सगळं.”

“आत्ता?”

“हो. आत्ता.”

ती वाट बघत होती की आत्या आता बोलेल, झाडेल, काहीतरी टोमणा मारेल. पण आत्याने फक्त कप तिच्यापुढे सरकवला आणि शेजारची खुर्ची ओढून बसली. एरवी जिचं तोंड एक मिनिट बंद नसतं ती आत्या काहीच बोलली नाही, आणि तेव्हा तिला रडू फुटलं.