सुपरवायझरचं चाललंय

सकाळी शालनने परसातलं खुराडं उघडलं आणि वाकून विचारलं, "काय सुपरवायझर, कसं काय?"

"चाललंय," कोंबडीच्या पायातला वाळा म्हणाला.

शालनच्या मनगटावरच्या कड्याला वाटलं, आपल्यालाच विचारलं. तेही म्हणालं, "चाललंय."

मिरजेच्या त्या गल्लीत आता याचं कुणाला नवल वाटत नसे. पिंजऱ्यांच्या पोल्ट्र्या कायद्याने बंद झाल्यावर निवृत्त कोंबड्या लोकांना दत्तक मिळू लागल्या, त्या पायात वाळा घालूनच. वाळा कोंबडीचा ताप, नाडी, चाल आणि आवाज टिपायचा, निरोगी कोंबडीच्या मापांशी ताडून बघायचा आणि निकाल बोलून दाखवायचा. सुरुवातीला तो "प्रकृती स्थिर आहे" असं म्हणायचा. पण हे वाक्य लोकांनी फक्त पुढारी जाण्याच्या आदल्या दिवशी ऐकलेलं असल्याने घरोघरी रडारड व्हायची. मग कंपनीने भाषा सोपी केली. बरं असेल तर "चाललंय", नसेल तर "डॉक्टरला दाखवा".

शालनच्या हातातलं कडं त्याच कंपनीचं, माणसांसाठीचं. औषधांच्या गोळ्या पाकिटात भरणाऱ्या कारखान्यात तिने उभ्याने नोकरी केली होती. माणसाचं निरोगी माप कसं असतं हे कड्याला शिकवायला कंपनीची माणसं त्याच कारखान्यात आली होती. सगळ्या बायकांची मापं नेली आणि प्रत्येकीला एक बुंदीचा लाडू दिला. निवृत्तीच्या दिवशी कडं भेट मिळालं. त्याच आठवड्यात कोंबडीही निवृत्त होऊन घरी आली. ती काही न करता एका बाजूला मान तिरकी करून उभी राहायची आणि शालनच्या कामाकडे बघायची, म्हणून तिचं नाव सुपरवायझर.

आज मात्र ती बाहेर आली नाही.

"चाललंय म्हणतोय ना वाळा?" शालनची नणंद कुमुद चहाचा कप घेऊन मागे उभी होती. "मग चाललंय."

"वन्सं, कालपासून दाण्याला तोंड लावलं नाही तिनं. नुसती फुगून बसलीय."

"खुडूक झालीय. अंडी उबवायचं खूळ शिरलंय डोक्यात. गार पाण्यात बुडवून काढ, उतरतंय. आमच्या आईनं अर्ध्या गावाच्या कोंबड्या अशा शुद्धीवर आणल्यात."

"पण खाली अंडं कुठाय?"

"खुळाला अंडं लागत नाही वहिनी. आमचा दादा नव्हता का प्लॉट नसताना घराचा नकाशा घेऊन बसत?"

दिवंगत नवऱ्याचा हा उल्लेख शालनला पटला. तिने बादली भरली. सुपरवायझरला गार पाण्यात टेकवलं, तसा तिच्या घशातून दार करकरल्यासारखा आवाज निघाला आणि डोळे पांढरे झाले.

"चाललंय," वाळा पाण्याखालून म्हणाला.

शालनने तिला झटकन वर काढलं, टॉवेलात गुंडाळलं आणि पशुवैद्य डॉक्टर इरफान बागवान यांना व्हिडिओ कॉल लावला.

"वाळ्याची सगळी मापं माझ्याकडे आलीत, उत्तम आहेत," डॉक्टर म्हणाले. "पण मला तिचा चेहरा आवडत नाही. जमिनीवर ठेवा बघू."

सुपरवायझर उभी राहिली ती शेपटी खाली पाडून, अंग ताठ करून, दर थोड्या वेळाने जोर काढत.

"ही खुडूक नाही काकू. पोल्ट्रीची ही जात सहसा खुडूक होतच नाही. पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तो गुण काढून टाकलाय. अंडी द्यायची, बसायचं नाही."

"आमच्या कारखान्यासारखंच," शालन म्हणाली.

"शेपटीच्या खाली, दोन हाडांच्या मधे बोटं हलकेच टेकवा. दाबू नका, आत फुटलं तर संपलं. काय लागतंय?"

"टणक आहे. लिंबाएवढं."

"अंडं अडकलंय. अंगातलं सगळं कॅल्शियम आजवरच्या कवचांत गेलं, आता ढकलायला स्नायूंत जोर नाही. आज सुटलं नाही तर उद्याची सकाळ बघणार नाही ती. कोंबडीबरोबर मिळालेल्या दत्तकाच्या पिशवीत कॅल्शियमच्या औषधाची बाटली आहे, थेंब चोचीच्या कडेला लावा. आणि पोट बुडेल एवढ्या कोमट पाण्यात बसवा."

"म्हणजे बादली बरोबरच होती," कुमुद म्हणाली.

"बादली बरोबर होती वन्सं. पाणी चुकलं."

कोमट पाण्यात सुपरवायझरने डोळे मिटले. शालन तिच्या पाठीवर पाणी सोडत राहिली. "आम्ही दोघी एकाच आठवड्यात सुटलो," ती हळूच म्हणाली. "हिला अजून धड ऊनसुद्धा मिळालं नाही."

कुमुदने चहाचा कप खाली ठेवला आणि बादलीशी उकिडवी बसली. "जोर लाव गं बाई. लाव जोर. सगळ्यांचं होतंय, तुझंही होईल."

मग तिला कोरडं करून, अंधाऱ्या टोपलीत ठेवून दोघी दाराशी थांबल्या. डॉक्टर फोनवर होतेच. त्यांच्यासमोर आता कुणाची तरी म्हैस होती, पण त्यांचं लक्ष इकडेच होतं.

टोपलीतून एक दणदणीत आरोळी आली.

अंडं ओबडधोबड होतं, कवच पापडासारखं पातळ. पण बाहेर होतं! कुमुदने ते गल्लीभर फिरवून दाखवलं. डॉक्टर आनंदाने ओरडले आणि म्हशीने त्यांना ढकललं.

"चाललंय," वाळा म्हणाला.

पंधरवड्याने सुपरवायझर परसात धावत सुटली. पंख पुरते पसरून तिने चक्क उडी मारली, मग मातीत पडून मनसोक्त लोळली. आणि वाळा किंचाळायला लागला, "डॉक्टरला दाखवा! डॉक्टरला दाखवा!"

घाबरून पुन्हा फोन. डॉक्टरांनी बघितलं, मापं चाळली, हसले, आणि मधेच हसायचे थांबले.

"काकू, वाळा तयार झाला तेव्हा मोजायला पिंजऱ्यातल्याच कोंबड्या होत्या. सगळ्यांची हाडं ठिसूळ, सगळ्यांना कळा, पंख कुणीच पसरलेले नाहीत. सगळ्यांचं तसंच, म्हणून तेच निरोगी ठरलं. तुमची सुपरवायझर आयुष्यात पहिल्यांदा सुखात आहे. त्याला तो आजार वाटतोय."

"मग आता काय करायचं हो?"

"मी कंपनीला तिची मापं पाठवतो. परसात रुळलेल्या अशा कोंबड्यांवरूनच आता सगळे वाळे नव्याने शिकतील. हिच्यापासून सुरुवात."

"बढती झाली की!" कुमुदने टाळी वाजवली.

शालन इतकी हसली, की तिथेच मातीत मांडी घालून बसली. भर सकाळी, हातातलं काम टाकून, पाठीवर ऊन घेत. नोकरीभर ठणकणारे गुडघे आज ठणकत नव्हते. सुपरवायझर येऊन तिच्या पदरावर लोळू लागली.

मनगटावरचं कडं थरथरलं. "डॉक्टरला दाखवा," ते म्हणालं. "डॉक्टरला दाखवा."

कुमुदचा हात फोनकडे गेला.

"थांबा वन्सं," शालन म्हणाली. तिला कारखान्यातला तो हॉल दिसत होता, मापांसाठी रांगेने हात पुढे करणाऱ्या बायका, एका हाताने कंबर धरून दुसऱ्या हाताने लाडू घेणाऱ्या. "आमच्या त्या रांगेत एकीला तरी बरं वाटत होतं का हो?"