अठरा पट्ट्या

"ओढू नका!"

दारातून आलेल्या या हुकमाने रचना दचकली, हाताला हिसका बसला आणि व्हायचं तेच झालं. टेपचा तपकिरी पापुद्रा टर्रकन फाटून बोटांत आला. त्याखालचा गम मात्र काचेवर तसाच राहिला... पिवळा, चिकट, निर्लज्ज.

दारात चष्मा लावलेला एक उंच तरुण उभा होता. पाठीला सॅक, आणि हातात स्वतःच्या चपला.

"तुमच्यामुळे फाटली," रचना म्हणाली.

"फाटणारच होती. सहा-सात महिने ऊन खाल्लंय तिनं."

"आणि चपला का धरल्यात हातात?"

"खालचं कुत्रं पळवतं म्हणे. घरमालकीण बायजाबाईंनी सांगितलं."

"ते कुत्रं गेल्या दिवाळीत मेलं. प्रत्येक नव्या माणसाला ती हे सांगते. माणूस किती ऐकतो ते बघायला."

त्याने चपलांकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि हसला. हसू बरं होतं. रचनाने त्याची मनात नोंद केली आणि पुढच्या पट्टीकडे वळली. तिला वेळ नव्हता.

खरोखरच नव्हता. रचना भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक. लोकांच्या जमिनी मोजायच्या, बांधावर उभ्या असलेल्या भावाभावांच्या शिव्या ऐकायच्या आणि हद्दीच्या खुणा ठोकून घरी यायचं. मुरुडात दोन वर्षं होत आली तोच हुकूम आला... पाली. सोमवारी हजर व्हायचं, आणि आज बुधवार. सहा वर्षांतली चौथी बदली. इतक्या बदल्यांनी तिला एक नियम शिकवला होता: खोली जशी घेतली तशी सोडायची. भिंतीत खिळा नाही, फरशीवर डाग नाही, मागे काही उरलेलं नाही. या नियमात माणसंही धरलेली होती, फक्त तसं ती कुणाला सांगत नसे.

पण मे महिन्यात वादळाचा इशारा आला होता. मागचं मोठं वादळ ज्यांनी अंगावर घेतलंय, ते मुरुडकर इशाऱ्याला हसत नाहीत. रचनानेही पॅकिंगच्या टेपने काचांवर फुल्या मारल्या, कपाटाची दारं बांधली, आरसाही सोडला नाही. वादळ मधूनच वळलं आणि दूर निघून गेलं. टेप राहिली. पुन्हा इशारा आला तर असू दे, म्हणून राहिली आणि पश्चिमेच्या उन्हात भाजून काचेशी एकजीव झाली. बारा पट्ट्या काचांवर, चार कपाटावर, दोन आरशावर. एकूण अठरा. मोजणं हा तिचा धंदाच होता.

"मी रत्नपाल," तो म्हणाला. "इथल्या कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून आलोय. तुम्ही गेलात की या खोलीत राहणार. तोवर लॉजवर."

"अजून मी गेले नाही."

"ते दिसतंय." त्याने सॅक खाली ठेवली. "हेअर ड्रायर आहे?"

"आहे. केसांसाठी."

"आज काचेसाठी द्या."

त्याने पट्टीच्या एका टोकावर गरम हवा धरली. मिनिटभराने नखाने टोक उचललं आणि पट्टी तिच्याच अंगावर मागे दुमडत, काचेला अगदी चिकटून, ओढायला लागला. रचनाचा जीव नुसता वरखाली होत होता.

"वर ओढायची नाही, मागे न्यायची," तो म्हणाला. "आणि हळू."

"किती हळू?"

"पट्टीला कळू नये इतकं."

पट्टी अखंड निघाली. जो गम उरला त्यावर त्याने खोबरेल चोळलं. "आता दहा मिनिटं. तेल मुरू द्यायचं. मग फडक्याने पुसायचं, वरून साबणाचं पाणी. काचेवर ब्लेड चालेल, पण कपाटावर नको, पॉलिश जाईल."

"दहा मिनिटं करायचं काय?"

"बसायचं."

रचनाला स्वस्थ बसता येत नसे. तिसऱ्या मिनिटाला ती उठली, एक खोकं उगाच इकडचं तिकडे केलं, दोरी सोडली, पुन्हा बांधली. तेवढ्यात बायजाबाई चहा घेऊन वर आली आणि तेलाने चमकणारी काच बघून कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय गो बाय, तेल लावून काय बसलाव? काच हाय का बाळंतिणीचं पोर?"

बुधवारी पाच पट्ट्या निघाल्या. गुरुवारी सहा. राहिल्या सात.

गुरुवारच्या दहा-दहा मिनिटांत रचनाला बरंच कळलं. म्हणजे खोबरेलाबद्दल. तेल गमात कसं शिरतं, रॉकेल का वापरायचं नाही, रंगवलेल्या भिंतीवरची टेप ओढली तर रंगाचा पापुद्राही का येतो... रत्नपाल चष्मा पुसत बोलत राहिला, आणि काहीतरी वेगळंच बोलायचं असल्यासारखा मध्येच थांबत राहिला.

"अजून काही?" एकदा तिने विचारलं.

"अं... तिळाचं तेलही चालतं."

शुक्रवारी ऑफिसात चार्ज देताना तिने सहाच्या जागी सात फायली लिहिल्या. साहेबांनी चूक दाखवली तेव्हा खाडाखोड करावी लागली. सहा वर्षांत पहिल्यांदा. ती तडक घरी आली, आणि सवयीने पट्ट्या मोजल्या.

दहा.

सात हव्या होत्या. आधी तिने स्वतःवरच संशय घेतला, कारण ताजी खाडाखोड डोळ्यांपुढे होती. पुन्हा मोजल्या. दहाच. मग आरशावरच्या एका पट्टीला नख लावलं तर ती ड्रायरशिवाय, तेलाशिवाय, आज्ञाधारक मुलीसारखी सुर्रकन निघून आली. मागे डाग नाही, गम नाही. रचनाने खोक्यांवरचा टेपचा रोल उचलला. रोलचं टोक ती नेहमी दुमडून ठेवायची, शोधत बसायला लागू नये म्हणून. आता ते टोक सपाट चिकटलेलं होतं.

आरशात तिला स्वतःचं हसू दिसलं. तिने त्याकडे लक्ष दिलं नाही. म्हणजे, दिलं नाही असं ठरवलं.

सहाला रत्नपाल आला. आता चपला बाहेर काढून.

"लॉजवर कसं काय चाललंय?" रचनाने सहज विचारलं.

"पाणी खारट. शेजारच्या खाटेवर एक औषधविक्रेता असतो, त्याच्या घोरण्याने तांब्यातलं पाणी हलतं."

"म्हणजे खोली जितकी लवकर मिळेल तितकी बरी."

"हो... म्हणजे... हो."

"मग नव्या तीन पट्ट्या का लावल्यात?"

त्याचे कान लाल झाले. चष्मा काढला, पुन्हा घातला. "दोन," तो म्हणाला.

"काय?"

"मी दोन लावल्या. आरशावर एक, खिडकीवर एक. दुपारी पडद्याचं माप घ्यायचं सांगून बायजाबाईंकडे चावी मागितली... माप घेतलंच नाही."

"तीन आहेत."

"दोनच."

"मी मोजणीवाली आहे."

"अहो, एवढी चोरी कबूल केली, एका पट्टीसाठी कशाला खोटं बोलू?"

दोघांनी मिळून तिसरी शोधली. कपाटावर होती. तिरपी, सुरकुतलेली, आणि टोकाला दातांनी तोडलेली. त्या तोडीत मध्येच एक फट होती, जिथे माणसाला पुढचा दात नसावा.

"मी लावली ती," दारातून आवाज आला. बायजाबाईच्या हातात चहाचे दोन कप होते आणि चेहऱ्यावर पश्चात्तापाचा मागमूस नव्हता. "ह्यो दुपारी चोरावानी पट्ट्या लावत व्हता, मी बगलं. म्हनलं, दोन पट्ट्या म्हंजे तासाभराचं काम. रविवारपत्तूर पुराया नको? म्हनून एक माजी."

"मावशी!"

"मावशी काय? दोन वर्सात हितं तू एक खिळा ठोकला न्हायस. जातंस तर निदान भांडून तरी जा कोनाशी." तिने कप ठेवले. "चाय गार व्हईल," म्हणाली आणि जिना उतरून गेली. शेवटच्या पायरीवर मुद्दाम मोठ्याने खोकलीसुद्धा... गेले, हे कळावं म्हणून.

खोलीत दोघं उरली. रचना खिडकीपाशी गेली, परत आली, रोल उचलला, ठेवला.

"का लावल्यात?"

"दहा मिनिटं हवी होती."

"कसली?"

"तेल मुरायची. तेवढ्यात सांगता येईल असं वाटायचं. दोन दिवस कितीतरी वेळा मिळाली... प्रत्येक वेळी मी खोबरेलावर बोललो."

"मग आता बोला."

"आता तेल लावलेलं नाही."

रचनाने बाटली उचलली. ज्या काचेवर ना पट्टी होती ना गम, अशा पुसून लख्ख केलेल्या काचेवर तिने तळहातभर तेल फासलं आणि खोक्यावर जाऊन बसली.

"लावलं. दहा मिनिटं आहेत तुमच्याकडे."

त्याला दोन पुरली. मध्ये तो दोनदा अडखळला, एकदा तिळाच्या तेलाकडे वळता वळता सावरला. उरलेली आठ मिनिटं दोघं काचेवरच्या तेलाकडे बघत बसली. समुद्रावर पर्यटकांच्या गाड्यांचे हॉर्न वाजत होते, चहावर साय धरत होती. रचना तिसऱ्या मिनिटाला उठली नाही. पाचव्यालाही नाही. दहाव्याला त्याने फडकं उचललं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "राहू दे. अजून मुरलं नाही."

रविवारी सकाळी टेम्पो आला. खोकी चढली. खोली लख्ख होती, फक्त कपाटावर दातांनी तोडलेली ती तिरपी पट्टी तिने तशीच ठेवली. बायजाबाईने ती पाहिली आणि नाक फेंदारून, पदराने डोळा पुसून, टेम्पोवाल्यालाच झापलं, "हळू ने रं, घाई करू नको."

रत्नपाल टेम्पोच्या खिडकीशी उभा राहिला. "पालीच्या खोलीला खिडक्या किती?"

"चार."

"टेप लावलेली?"

"एकीलाही नाही."

"अच्छा..." त्याचा चेहरा पडला. "म्हणजे काही काम नाही."

टेम्पो सुरू झाला. रचनाने पर्समधून टेपचा रोल काढला आणि खिडकीतून त्याच्या हातात ठेवला. टोक तिने नीट दुमडलेलं होतं, शोधत बसायला लागू नये म्हणून.

"पुढच्या रविवारी येताना घेऊन या," ती म्हणाली. "आणि खोबरेल मी आणून ठेवते."