धुराड्यातला एकच बूट

हे माझ्या स्वतःच्या घरात घडलंय. रचून सांगायला मला वेळही नाही. माझी लेक एडी मांडीवर झोपलीय, तेवढ्यात लिहून काढतेय.

गाव इंग्लंडातलं किंग्ज लिन. नदीकाठी लोकरीच्या एका व्यापाऱ्यानं कधीकाळी बांधलेलं घर. गेल्या नोव्हेंबरातली धुक्याची संध्याकाळ.

घर चिंचोळं आणि लांबच लांब. रस्त्याकडे दुकान, नदीकडे वखार. वरच्या मजल्यावर बोळ नाहीच. एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. जिना दुकानाच्या बाजूला. सगळ्यात शेवटची खोली एडीची. तिथं विटांचं भलंमोठं धुराडं आहे. खालच्या चुलीनं भिंत उबदार राहते, म्हणून पाळणा तिला टेकवलेला.

त्या दिवशी माझ्या नवऱ्यानं, नीलनं, तिथली विटांनी बुजवलेली शेकोटी फोडून उघडली.

आतल्या कपारीत एक बूट होता.

लहान मुलाचा. चामड्याचा. एकच.

"दुसरा कुठाय?" मी विचारलं.

"व्यापारी चिक्कू असणार. एकावरच भागवलं!"

शेजारच्या मिसेस थर्टल केक घेऊन आल्या होत्या. बूट बघताच त्यांनी बशी खाली ठेवली.

"परत ठेव तो, पोरी. आत्ताच्या आत्ता. जुनी माणसं उगाच चिणत नव्हती बूट भिंतीत. धुराड्यातून जे येतं ना, ते बुटात शिरतं आणि अडकतं."

"मग इतक्या वर्षांचं भाडं थकलंय त्याचं," नील म्हणाला.

"तू गप रे! घरात तान्हं आहे तुझ्या."

मीही हसले. बूट पुसला, तेल लावलं, एडीच्या खिडकीत ठेवला. इवलासा... जीव लावावा असा.

दिवेलागणीला नील खाली चहा करत होता. मी एडीला पाजत होते.

आणि दुकानावरच्या खोलीत...

टक्.

मग काहीच नाही.

टक्.

मधल्या पावलाला आवाजच नव्हता. जणू एका पायात बूट... आणि दुसरा अनवाणी.

"नील?"

"आलो गं, चहा ओततोय!" खालून उत्तर आलं.

टक्... मधल्या खोलीत.

मी खिडकीकडे पाहिलं. बूट तिथं नव्हता.

टक्... आमच्या दारात.

दारात कुणीच नव्हतं. पण एडीनं दूध सोडलं. दाराकडे पाहिलं.

आणि हसली.

मी किंचाळले. नील त्याच खोल्यांतून धावत आला. त्याला कुणी दिसलं नाही.

बूट पाळण्याखाली होता. टोक पाळण्याकडे.

नीलनं तो परत कपारीत ठेवला. विटा लावल्या. एकही विनोद केला नाही.

त्यानंतर आवाज बंद झाले. वाटलं, सुटलो.

परवा एडी पहिल्यांदा चालली. आम्ही तिला तिचे पहिले बूट आणले, लाल. काढूच देत नाही, झोपतानाही पायात हवेत.

आज दुपारी उठली, तर एकाच पायात बूट.

सगळं घर शोधलं. नील बाहेर गेलाय. एडी पुन्हा झोपलीय, आम्ही दोघी शेवटच्या खोलीत आहोत.

दुकानावरच्या खोलीत आत्ता वाजलं...

टक्. टक्.

आता मधलं पाऊलही वाजतंय.

आणि जिना त्याच बाजूला आहे.